क्षारपड जमीन सुधारताना: आधी पाण्याला वाट, मग जिप्सम

मार्च महिन्यात पहाटे उसाच्या फडाच्या कडेने चालताना सरीच्या वरंब्यावर पिठूर चांदण्यासारखा पांढरा थर दिसू लागला, बोटाने खरवडून जिभेवर ठेवला तर खारट-कडवट लागला, आणि त्याच जागी उगवण विरळ होऊन मोकळी टकले पडत गेली, तर समजावे की जमीन क्षारपड होऊ लागली आहे. कृष्णा, वारणा आणि नीरेच्या खोऱ्यात ही गोष्ट नवी नाही. नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींचा शास्त्रीय अभ्यास १९१० च्या सुमारास पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून झाला होता, म्हणजे कालव्याचे पाणी येऊन दोन-तीन दशके होताच हा प्रश्न उभा राहिला होता. वाळवा, मिरज, पलूस आणि शिरोळ तालुक्यांत आज चांगल्या काळ्या जमिनी याच मार्गाने पडीक होत आहेत.

आमच्या चार एकरांपैकी अडीच एकर जमीन अशीच हातची गेली होती. ती परत वहितीखाली आणायला मला पाच वर्षे लागली आणि त्यातील पहिली दोन वर्षे केवळ क्रम चुकल्यामुळे वाया गेली. निचऱ्याची कोणतीही सोय नसताना मी एकरी दोन टन जिप्सम (चोपण जमीन सुधारण्यासाठी वापरतात ती कॅल्शियमयुक्त खनिज भुकटी) टाकले. पावसाळ्यात शेत तुंबले, आणि पुढच्या उन्हाळ्यात पांढरा थर पूर्वीइतकाच वर आला. ज्यांची जमीन आत्ताच बिघडू लागली आहे त्यांची ती दोन वर्षे वाचावीत, यासाठी हा क्रम सविस्तर लिहीत आहे.

१. क्षार कुठून आले, हे आधी समजून घ्या

बहुतेक शेतकरी रासायनिक खतांना दोष देतात. खतांचा वाटा आहे, पण मुख्य कारण पाणी आहे, आणि हे साध्या हिशेबाने पटते. विहिरीच्या पाण्याची विद्युत वाहकता (क्षार जितके जास्त तितका हा आकडा मोठा) १ डेसीसायमन प्रति मीटर असेल, तर त्या पाण्याच्या एका लिटरमध्ये सुमारे ६४० मिलिग्रॅम क्षार असतात. पिकांसाठी असे पाणी फार वाईट मानले जात नाही. पाटाने साडेसात सेंटिमीटरची एक पाळी दिली की एकराला सुमारे ३ लाख लिटर पाणी लागते, म्हणजेच एका पाळीबरोबर शेतात सुमारे १९० किलो क्षार येतात. वर्षाला अशा २५ पाळ्या दिल्या तर हा आकडा पावणेपाच टनांच्या आसपास जातो. पीक पाणी शोषते, ऊन पाणी उडवते, पण क्षार उडत नाहीत. खाली निचरा होत असेल तर पावसाच्या पाण्याबरोबर ते मुळांच्या खाली निघून जातात; निचरा नसेल तर ते जागेवरच साठत राहतात.

दुसरी बाजू भूजलाची आहे. आपल्या काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण जास्त असल्याने पाणी सावकाश मुरते, पण खालचे पाणी केशाकर्षणाने वर मात्र सहज चढते. भूजलाची पातळी जमिनीपासून दीड-दोन मीटरच्या आत आली की उन्हाळ्यात ते पाणी दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे वर येते, वाफ होऊन जाते आणि क्षार पृष्ठभागावर सोडून देते. म्हणूनच पांढरा थर पावसाळ्यात दिसेनासा होतो आणि फेब्रुवारीनंतर पुन्हा उमटतो. पावसाळ्यात तो दिसला नाही म्हणून जमीन सुधारली, असे मानू नये.

२. जमीन खारवट आहे की चोपण, हे ओळखा

बोलण्यात आपण सगळ्याच बिघडलेल्या जमिनीला क्षारपड, करल किंवा चोपण म्हणतो, पण उपचाराच्या दृष्टीने या वेगळ्या जमिनी आहेत. क्षारयुक्त जमिनीवर पांढरा थर येतो, माती भुसभुशीत राहते आणि वाफसाही येतो. तिला मुख्यतः चांगल्या पाण्याने धुऊन काढणे आणि निचरा एवढेच लागते. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. ती ओली असताना लोण्यासारखी पायाला चिकटते, वाळली की दगडासारखी होते, कुळवाला ढेकळे फुटत नाहीत आणि साचलेले पाणी आठवडा-आठवडा गढूळ राहते. जिप्समची गरज असते ती या चोपण जमिनीला.

घरच्या घरी करण्यासारखी एक परीक्षा आहे. वाळलेल्या मातीचे हरभऱ्याएवढे ढेकूळ काचेच्या पेल्यातील पावसाच्या किंवा बॅटरीत भरायच्या शुद्ध (डिस्टिल्ड) पाण्यात अलगद सोडावे आणि हात न लावता तासभर ठेवावे. ढेकूळ विरघळून त्याच्याभोवती दुधट धुके पसरले आणि पाणी गढूळच राहिले, तर जमीन चोपण होत चालल्याची ती खूण आहे. ढेकूळ फुटले तरी वरचे पाणी नितळ राहिले, तर सोडियमचा त्रास बहुधा कमी आहे. या परीक्षेसाठी विहिरीचे पाणी वापरू नका, कारण त्यातील क्षारांमुळे चोपण मातीचे कणसुद्धा खाली बसतात आणि फसगत होते. माझ्या शेताच्या वरच्या बांधाजवळची माती या परीक्षेत नितळ राहिली आणि ओढ्याकडच्या कोपऱ्यातील मातीने पेला चहासारखा केला. एकाच गटात दोन प्रकारच्या जमिनी आहेत, हे मला तेव्हा प्रथम कळले.

ही परीक्षा म्हणजे केवळ अंदाज आहे. प्रयोगशाळेच्या अहवालाशिवाय जिप्समचा एकही पोता घेऊ नये.

३. माती आणि पाण्याचे नमुने नीट घ्या

नमुना पीक निघाल्यावर, खत टाकण्यापूर्वी, शक्यतो एप्रिलमध्ये घ्यावा. शेताचे चांगला, मध्यम आणि पांढरा पडलेला असे तुकडे पाडून प्रत्येकाचा वेगळा नमुना करावा. प्रत्येक तुकड्यात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी खड्डे घ्यावेत. नेहमीच्या खतांच्या परीक्षणाला वरची २० ते २२ सेंटिमीटर माती पुरते, पण क्षारांसाठी तेवढ्याने भागत नाही. ०–३०, ३०–६० आणि ६०–९० सेंटिमीटर अशा तीन थरांची माती वेगवेगळी घ्यावी. क्षार वरून खाली वाढत जातात की खालून वर, यावरून ते पाण्याबरोबर खाली जात आहेत की भूजलातून चढत आहेत, याचा अंदाज येतो. माती प्लॅस्टिकच्या घमेल्यात मिसळावी, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत, आणि असे करत अर्धा किलो माती उरवावी.

विहीर, बोअर आणि नदीवरील योजनेचे पाणी यांचेही वेगवेगळे नमुने द्यावेत. बोअरचा पंप किमान अर्धा तास चालवून मगच बाटली भरावी.

सोबत लागणारे साहित्य असे:

- फावडे, टिकाव, शक्य असल्यास मातीचा गिरमिट
- प्लॅस्टिकचे घमेले, स्वच्छ पिशव्या, चिठ्ठ्या आणि पेन्सिल (शाई ओलाव्याने पसरते)
- एक लिटरच्या धुतलेल्या बाटल्या
- दोन मीटर लांबीच्या, दीड-दोन इंची पीव्हीसी नळ्या (यांचा उपयोग पाचव्या पायरीत आहे)
- गवंडी वापरतात ती पारदर्शक पाणी-नळी किंवा डंपी लेव्हल (उतार मोजण्याची दुर्बीण)
- एक जाड वही

४. अहवाल वाचताना होणारी चूक

अहवालात तीन आकडे पाहावेत: सामू (पीएच), विद्युत वाहकता आणि विनिमययुक्त म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचे शेकडा प्रमाण. सामू ८.५ पेक्षा कमी, वाहकता ४ पेक्षा जास्त आणि सोडियम १५ टक्क्यांहून कमी असेल तर जमीन क्षारयुक्त समजतात. सामू ८.५ पेक्षा जास्त, वाहकता ४ पेक्षा कमी आणि सोडियम १५ टक्क्यांहून अधिक असेल तर ती चोपण. वाहकता आणि सोडियम दोन्ही जास्त असतील तर ती क्षारयुक्त-चोपण, आणि आपल्या खोऱ्यात अशा जमिनी पुष्कळ आहेत.

इथे एक खोच आहे आणि तिने अनेकांना गाफील ठेवले आहे. वाहकतेची ४ ही मर्यादा मातीच्या संपृक्त अर्कासाठी, म्हणजे माती पाण्याने पुरती भिजवून केलेल्या लगद्यातून काढलेल्या पाण्यासाठी, ठरलेली आहे. आपल्याकडील बहुतेक प्रयोगशाळा मात्र एक भाग माती आणि अडीच भाग पाणी अशा पातळ मिश्रणात वाहकता मोजतात, आणि काळ्या मातीत तो आकडा संपृक्त अर्काच्या निम्म्याहूनही कमी येतो. माझ्या पहिल्या अहवालात १.६ हा आकडा होता. ४ पेक्षा तो किती तरी कमी म्हणून मी निर्धास्त झालो, आणि त्याच जमिनीचा संपृक्त अर्क काढून घेतल्यावर आकडा पाचाच्या वर गेला. त्यामुळे वाहकता कोणत्या पद्धतीने मोजली, हे प्रयोगशाळेत विचारून अहवालावर लिहून घ्या. विनिमययुक्त सोडियम आणि जिप्समची गरज या तपासण्या नेहमीच्या परीक्षणात नसतात. त्या स्वतंत्रपणे मागाव्या लागतात. सांगलीजवळ कसबे डिग्रज येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे कृषी संशोधन केंद्र आहे आणि या भागातील क्षारपड जमिनी व निचरा यांवर तेथे काम झाले आहे. अहवाल घेऊन तेथे सल्ल्यासाठी जाणे फार उपयोगाचे ठरते.

पाण्याच्या अहवालात वाहकतेबरोबर अवशिष्ट सोडियम कार्बोनेट (पाण्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमला पुरून उरणारे कार्बोनेट) पाहावे. ते लिटरला २.५ मिलिइक्विव्हॅलंटपेक्षा जास्त असेल, तर ते पाणी चांगल्या जमिनीलाही हळूहळू चोपण करते. अशा बोअरवर अवलंबून राहून जमीन सुधारणे जवळजवळ अशक्य आहे.

५. पाणी कुठून येते आणि कुठे अडते, ते शोधा

पीव्हीसी नळीच्या खालच्या दीड मीटर भागाला बारीक भोके पाडावीत, त्यावर नायलॉनची जाळी गुंडाळावी आणि गिरमिटाने पाडलेल्या भोकात ती उभी करून वरचे तोंड टोपणाने झाकावे. एकराला अशा दोन नळ्या पुरतात. दर आठवड्याला आत दोरी सोडून पाणी किती खोल आहे, ते वहीत लिहावे. वर्षभराची ही नोंद शंभर सल्ल्यांपेक्षा मोलाची आहे. माझ्या वहीत असे दिसले की मी पाणी दिलेले नसतानाही वरच्या शेतातील पाळी झाली की दोन दिवसांत माझ्या नळीतील पाणी वीतभर वर येत होते.

यानंतर ओढे-ओघळी पाहाव्यात. गटाचा जुना नकाशा काढून त्यावरील ओघळ आज शेतात दिसते का, ते चालत जाऊन बघा. पुष्कळ ठिकाणी ती नांगरून सपाट केलेली, तिच्यावर ऊस लावलेला किंवा नळी न टाकता तिच्यावरून रस्ता केलेला आढळतो. ओघळ मोकळी झाल्याशिवाय पाइप टाकून उपयोग नाही, कारण पाइपाचे पाणी शेवटी तिथेच जाणार आहे.

शेजाऱ्याशी आधी बोलणे करावे. बोलण्याने मार्ग निघाला नाही आणि शेतातून नैसर्गिकरीत्या वाहणाऱ्या पाण्याला कोणी बेकायदा अडथळा केला असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत जावे लागते. ही मुदत माहीत नसल्याने चांगली प्रकरणे बाद होतात.

६. कागदपत्रे आणि संमती

काम एकट्याने करायचे असो वा गटाने, पुढील कागद आधी एका फाइलमध्ये लावून ठेवा:

- अलीकडचा सातबारा उतारा आणि ८ अ
- गट नकाशा, आणि हद्दीचा वाद असल्यास मोजणीची ‘क’ प्रत
- शेतकरी ओळख क्रमांक, आधार आणि बँक पासबुकाची प्रत
- माती व पाणी परीक्षणाचे अहवाल
- ज्यांच्या जमिनीतून निचऱ्याचा पाइप जाणार त्यांची लेखी संमती
- सामाईक खाते असल्यास सर्व खातेदारांच्या सह्या

संमतीपत्रात पाइप कोणत्या बांधाने जाईल, किती खोल असेल, दुरुस्तीसाठी उकरण्याचा हक्क कोणाला राहील आणि पिकाचे नुकसान झाल्यास भरपाई कोण देईल, हे स्पष्ट लिहावे. तोंडी शब्दावर टाकलेला पाइप पुढच्या पिढीत वादाचे कारण होतो. शासकीय योजनेतून मदत मिळण्याची शक्यता असेल तर काम सुरू करण्यापूर्वी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात चौकशी करा, कारण पूर्वसंमतीशिवाय केलेल्या कामाला मागाहून अनुदान मिळत नाही.

शक्य असेल तर एकट्याने करू नका. भूजलाला बांध कळत नाही. शिरोळ तालुक्यात श्री दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी एकत्र येऊन सच्छिद्र पाइपांची मोठी निचरा योजना राबवली. सलग क्षेत्राला एकच मुख्य पाइप आणि एकच तोंड ठेवल्याने जे साधते, ते विखुरलेल्या दोन-दोन एकरांत साधत नाही, हे तिथे जाऊन प्रत्यक्ष पाहता येते.

७. निचरा करा

या पायरीवर घाई करू नये आणि पैसे वाचवण्याचाही मोह धरू नये.

जमिनीचा बिघाड सुरुवातीचा असेल आणि भूजल फार वर नसेल, तर उताराच्या खालच्या बाजूला उघडा चर पुरतो. चरात जमीन जाते, गवत माजते आणि दरवर्षी गाळ काढावा लागतो, पण खर्च कमी असतो. बिघाड जुना असेल तर सच्छिद्र पाइपांचा भूमिगत निचरा करावा. साधारणपणे ८० मिलिमीटर व्यासाचे नालीदार, भोके पाडलेले आणि गाळणीचे कापड गुंडाळलेले पीव्हीसी पाइप एक ते सव्वा मीटर खोलीवर टाकतात. आपल्या भारी काळ्या जमिनीत दोन ओळींतील अंतर २० ते ३० मीटर ठेवतात. २५ मीटर अंतर धरले तर एकराला साधारण १६० मीटर पाइप लागतो. दरपत्रक तपासताना हा हिशेब हाताशी ठेवावा. या उपनळ्यांचे पाणी अधिक व्यासाच्या, बंद मुख्य पाइपात घेऊन ओढ्यात सोडतात आणि जोडावर तपासणीसाठी सिमेंटची चेंबर बांधतात. अंतर आणि खोली ठरवण्याचे काम मात्र जाणकाराकडून करून घ्यावे. शेजारच्या शेतातील माप आपल्याला लागू पडेलच असे नाही.

काम मार्च ते मे या काळात, भूजल सर्वांत खाली असताना करावे. खोदाई तोंडापासून वरच्या दिशेने न्यावी, म्हणजे चरात आलेले पाणी आपोआप निघून जाते. उतार १०० मीटरला निदान १० ते २० सेंटिमीटर मिळाला पाहिजे, आणि तो प्रत्येक दहा मीटरवर मोजला पाहिजे. माझ्या कामात पोकलेनवाल्याने नजरेनेच उतार धरला, आणि मीही त्या दिवशी बाजूला बसून राहिलो. माती लोटल्यावर पावसाळ्यात एका ओळीतून पाणीच येईना. उकरून पाहिले तर मधल्या सहा-सात मीटर लांबीत पाइप पोटात खचलेला, त्यात पाणी तुंबलेले आणि तळाला बोटभर गाळ बसलेला होता. तेवढा भाग पुन्हा टाकावा लागला. त्यानंतरच्या प्रत्येक ओळीला मी स्वतः पाणी-नळी धरून बसलो.

आणखी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. गाळणीचे कापड गुंडाळलेले पाइप उन्हात आठवडेच्या आठवडे पडू देऊ नयेत. चरात माती लोटल्यावर पहिल्या हंगामात त्या पट्ट्यावर पाटाचे पाणी सोडू नये. मोकळ्या मातीतून ते थेट खाली घुसते आणि गाळ पाइपात नेते. पाइपाचे तोंड ओढ्याच्या नेहमीच्या पाण्याच्या वर असावे आणि नदीकाठी पुराची फुग येत असेल तर त्याला उलटे पाणी न घेणारे झाकण बसवावे. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत ज्यांनी हे केले नव्हते, त्यांच्या पाइपांत गाळ भरला. जवळ मोठी झाडे असतील तर तेवढ्या लांबीत भोके नसलेला पाइप टाकावा, कारण मुळे पाण्याच्या शोधात आत शिरतात.

पाइपातून बाहेर पडणारे पाणी खारट असते. ते कोणाच्या विहिरीत, तळ्यात किंवा खालच्या शेतात सोडू नका. आपली जमीन धुऊन दुसऱ्याची बिघडवणे म्हणजे जमीन सुधारणा नव्हे.

८. आता जिप्सम

निचरा सुरू झाला, तोंडातून पाणी वाहू लागले, की मगच जिप्सम. जिप्सममधील कॅल्शियम मातीच्या कणांवरील सोडियमला बाजूला सारतो, आणि सुटलेला सोडियम सल्फेटच्या रूपात पाण्याबरोबर खाली जातो. त्याला खाली जायला वाटच नसेल तर ही सगळी क्रिया जागच्या जागी थांबते. माझ्या पहिल्या दोन टनांचे हेच झाले.

मात्रा अहवालातील जिप्समच्या गरजेवरून ठरवावी. साधारणपणे त्या गरजेच्या निम्मी मात्रा पहिल्या वर्षी देतात. अहवालातील आकडा शुद्ध जिप्समचा असतो. बाजारातील मालाची शुद्धता ७० टक्के असेल, तर दोन टनांच्या जागी सुमारे २.८५ टन लागेल, म्हणून पोत्यावरील शुद्धता पाहा. माल बारीक दळलेला आणि कोरडा असावा. मे महिन्यात तो सारखा पसरून कुळवाने वरच्या १० ते १५ सेंटिमीटर थरात मिसळावा; खोल नांगरून गाडला तर तो विरळ होऊन वाया जातो. एक लिटर पाण्यात जेमतेम अडीच ग्रॅम जिप्सम विरघळते, म्हणजे एकराला टाकलेला एक टन विरघळण्यासाठी सुमारे चार लाख लिटर पाणी, अर्थात शेतभर १० सेंटिमीटर उंचीचे पाणी लागते. त्यासाठी पावसाळ्यापूर्वी लहान वाफे पाडून बांध घालावेत आणि पावसाचे पाणी जागीच मुरू द्यावे. सांगली-मिरज भागात पाऊस बेताचाच असल्याने त्याचा प्रत्येक थेंब या कामाला लावावा.

जमिनीत चुनखडी भरपूर असेल तर जिप्समऐवजी गंधक वापरता येते. एक टन गंधक सुमारे ५.४ टन जिप्समचे काम करते, पण मातीतील जिवाणूंनी त्याचे रूपांतर केल्यावरच. त्यासाठी ओलावा, ऊब आणि काही आठवडे लागतात. जमीन केवळ क्षारयुक्त असेल, चोपण नसेल, तर यांपैकी कशावरही पैसे घालू नका.

बांधावर येऊन ‘जमीन सुधारक’ द्रव विकणारे भेटतील. बाटलीवर घटक आणि त्यांचे प्रमाण लिहिलेले नसेल तर ते घेऊ नये. मुरूम किंवा लाल माती पसरणे हाही उपाय नव्हे. दोन उन्हाळ्यांत क्षार त्या थरातूनही वर येतात.

९. हिरवळीचे खत आणि सेंद्रिय पदार्थ

जिप्समनंतरच्या पहिल्या पावसावर धैंचा पेरावा. क्षार आणि साचलेले पाणी दोन्ही सोसणारे ते पीक आहे आणि त्याची मुळे घट्ट थर फोडतात. एकरी सुमारे २० किलो बी टाकून ४५ ते ५० दिवसांनी, फुलोऱ्याच्या सुरुवातीला, ते जमिनीत गाडावे. उशीर केला तर खोड लाकडासारखे होते आणि कुजत नाही. ताग चांगलाच, पण फार खारवट तुकड्यात तो उगवत नाही. सोबत शेणखत, गांडूळखत किंवा साखर कारखान्यातील चांगली कुजलेली मळी (प्रेसमड) द्यावी. ताजी मळी नको. उसाचे पाचट जाळू नये. सरीत पसरलेले पाचट बाष्पीभवन कमी करते, आणि बाष्पीभवन कमी झाले की क्षार वर येणेही कमी होते.

१०. पहिली पिके आणि पाणी

जमिनीने जरा हिरवा रंग धरला की लगेच ऊस लावण्याचा मोह होतो. ऊस क्षारांना बऱ्यापैकी हळवा आहे: संपृक्त अर्काची वाहकता १.७ च्या पुढे गेली की त्याचे उत्पादन घटू लागते. गव्हाची हीच मर्यादा ६, ज्वारीची ६.८, शुगरबीटची ७ आणि कापसाची ७.७ आहे. कांदा, घेवडा आणि द्राक्ष तर एक ते दीडच्या दरम्यानच माघार घेतात. म्हणून पहिली दोन वर्षे खरिपात धैंचा आणि रब्बीत गहू किंवा ज्वारी घ्यावी, आणि अहवाल सुधारला की मगच ऊस लावावा. कर्नाल येथील केंद्रीय मृद लवणता संशोधन संस्थेने काढलेले गव्हाचे केआरएल २१० सारखे क्षार सोसणारे वाण मिळाले तर ते पेरावे.

खते देताना स्फुरदासाठी सिंगल सुपर फॉस्फेट निवडावे, कारण त्यात जिप्समही असते. पालाशासाठी म्युरेटऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश घ्यावे. अशा जमिनीत जस्त हमखास कमी पडते. एकरी १० किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून द्यावे.

पाणी मोजून द्या. ठिबकाने पाणी आणि त्याबरोबर येणारे क्षार दोन्ही कमी होतात, पण ओल्या पट्ट्याच्या कडेला क्षार गोळा होतात, त्यामुळे पुढची लागण जुन्याच ओळीवर करावी आणि पावसाने ते क्षार धुतले जाऊ द्यावेत. योजनेची पाळी आली म्हणून वाफसा नसताना पाणी सोडू नये. आमच्या गावात ही सवय मोडणे सर्वांत कठीण गेले, कारण वाट्याचे पाणी सोडून देणे म्हणजे नुकसान, असे तिथे तीन पिढ्या मानले गेले होते.

दर एप्रिलमध्ये त्याच जागची, त्याच तीन खोलींची माती त्याच प्रयोगशाळेत तपासून घ्यावी आणि नळ्यांतील पाण्याची पातळी लिहीत राहावे. पहिल्या पावसाळ्यात पाइपाच्या तोंडाशी पाण्याचा जोर दर पंधरा दिवसांनी पाहा: बादली किती सेकंदांत भरते, ते मोजून त्याच वहीत टिपा. पाऊस चांगला असूनही बादली भरायला अचानक दुप्पट वेळ लागू लागला, तर वरच्या चेंबरचे झाकण उघडा आणि तिथून खालच्या चेंबरपर्यंत ओळीने तपासत या. गाळ कुठे बसला आहे ते सापडते, आणि तो ओला असतानाच निघतो.